शंभर रुपये, एक लेन्स, फ्लॅश नाही

यवतमाळात कोणी नवा कॅमेरा घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. झूम किती? आणि ते साहजिकच आहे म्हणा. पांढरकवड्याच्या बाजूला टिपेश्वर आहे, आणि तिथला वाघ काही आपल्या सोयीसाठी जवळ येऊन बसत नाही. दुसरीकडे लग्नाचा सीझन. भलीमोठी लेन्स आणि वर फ्लॅश लावलेला माणूसच खरा फोटोग्राफर, हे मंडपातल्या मावशींनीही ठरवून टाकलेलं असतं.

या सगळ्यात एक छोटी, चपटी लेन्स दुकानाच्या काचेआड गप पडून असते. तिला पॅनकेक म्हणतात. तिला झूम नाही, ती लांबचं जवळ आणत नाही, आणि कॅमेऱ्यावर लावली तरी लावलीय की नाही ते पटकन कळत नाही. मग घेणारे ती का घेतात? तर तिच्या स्वभावासाठी.

स्वभाव हा शब्द इथे मुद्दाम वापरतोय. एकाच मापाच्या, एकाच अ‍ॅपर्चरच्या दोन लेन्स घ्या, एकाच माणसाचा एकाच जागी फोटो काढा, तरी दोन फोटो वेगळे निघतात. एकात डोळ्यांपासून कानापर्यंत जाताना चेहरा हळूहळू मऊ होतो, दुसऱ्यात तो एकदम तुटल्यासारखा धूसर होतो. एकात खिडकीतून येणारा उजेड कडेला थोडा सांडतो, दुसऱ्यात तो रेषेवर थांबतो. सावलीतलं काळं एकीकडे ठार काळं, तर दुसरीकडे राखाडीकडे झुकलेलं. कोपरे एकीकडे काटेकोर, दुसरीकडे थोडे ढिले. शार्पनेसच्या तक्त्यात यातलं फारसं काही येत नाही. जाणकार याला रेंडरिंग म्हणतात. आपण स्वभावच म्हणू, कारण तो सवयीनं कळतो आणि त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

अशा एका छोट्या, न बदलणाऱ्या लेन्सशी जुळवून घेत दहा वर्षं एकाच माणसाचे फोटो काढणारा एक पोरगा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात होऊन गेला. यवतमाळहून कळंब, देवळी करत वर्धा सत्तरेक किलोमीटर. तिथून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. पोराचं नाव कनू गांधी.

इथे एक घोळ आधीच मिटवलेला बरा. कनू गांधी म्हटलं की पुष्कळांना जुहूच्या समुद्रकिनाऱ्यावरचा तो फोटो आठवतो, ज्यात एक लहानगा बापूंच्या काठीचं पुढचं टोक धरून त्यांना ओढत नेतोय. तो कनू वेगळा. तो रामदास गांधींचा मुलगा, म्हणजे बापूंचा सख्खा नातू. पुढे तो अमेरिकेत शिकला, नासात होता आणि २०१६ साली सुरतेत वारला. तो फोटो १९३७ चा. आपला कनू त्या वेळी वीस वर्षांचा होता आणि त्याच्या हातात अजून कॅमेरा यायचा होता. दोघांचं नाव एक, आडनाव एक, घराणं एक. त्यामुळे फोटो काढणाऱ्याला फोटोतला समजण्याचा प्रकार आजही चालू आहे.

आपला कनू १९१७ चा. वडील नारणदास गांधी, म्हणजे बापूंचे पुतणे. नात्यानं कनूही नातूच, पण चुलत घरातला. त्याचं लहानपण साबरमतीच्या आश्रमात गेलं. पहाटेची प्रार्थना, सूतकताई आणि वेळेचा धाक यात वाढलेलं हे पोर. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. घरच्यांच्या मनात मात्र त्यानं बापूंजवळ राहून काम करावं असं होतं, आणि अशा घरात शेवटी काय होतं ते सांगायला नको. कनू सेवाग्रामला आला.

तेव्हा त्याला सेवाग्राम म्हणत नव्हते. गाव होतं सेगाव. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर तिथे राहायला आले. त्यांची टपाल सारखी बुलढाण्याच्या शेगावात जायची, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. या टपालाशी कनूचा रोजचा संबंध होता. त्याचं मूळ काम कारकुनी: पत्रव्यवहार सांभाळायचा, हिशेब लिहायचा, सांगितलं ते आणून द्यायचं. हाकेला धावणारा म्हणून आश्रमात त्याला बापूंचा हनुमान म्हणत.

कॅमेऱ्याची कल्पना विनोबांच्या धाकट्या भावाची, शिवाजी भाव्यांची. रोज डोळ्यांसमोर एवढं घडतंय, याची कोणीतरी चित्रं ठेवली पाहिजेत, असं त्यांनी सुचवलं. कनूला ते पटलं आणि तो बापूंकडे गेला. बापूंनी नाही म्हटलं नाही, पण पैसे द्यायलाही नकार दिला. आश्रमाचा एकेक पैसा हिशेबाचा, तो फोटोसारख्या छंदावर जाणार नव्हता. शेवटी उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले. तोळाभर सोनं तेव्हा तीस-पस्तीस रुपयांच्या घरात होतं. त्यावरून अंदाज येईल की रक्कम लहान नव्हती, पण कॅमेऱ्याच्या दुनियेत फार मोठीही नव्हती. त्यात कनूनं रोलायफ्लेक्स घेतला आणि फिल्मचा रोल.

बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. मला असं बसा, तसं बघा म्हणायचं नाही. आणि या कामाचा खर्च आश्रमावर पडता कामा नये.

साल १९३८. कनू एकवीस वर्षांचा.

आता त्या कॅमेऱ्याकडे जरा नीट बघू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. रोलायफ्लेक्स हा जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा कॅमेरा. १९२९ पासून बाजारात. उभा डबा, पुढे एकाखाली एक अशा दोन लेन्स. वरची फक्त बघायला, खालची फोटो घ्यायला. तो डोळ्याला लावायचा नाही. छातीशी किंवा पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या घाशीव काचेवर उमटलेलं चित्र बघायचं. ते चित्रही डावं-उजवं उलटं. समोरचा माणूस उजवीकडे चालला तर काचेवर तो डावीकडे जातो. सुरुवातीला कोणीही गोंधळतो. एका रोलवर चौकोनी बारा फोटो. बारा झाले की रोल बदला.

लेन्स बदलता येत नाही. झूम नाही. खालची काच बसवलीय ती बसवलीय. त्या काळच्या रोलायफ्लेक्सवर झाइस कंपनीची टेसार असायची. हे नाव ओळखीचं वाटत असेल तर त्याचं कारण आहे. नोकियाच्या एन ९५ वगैरे फोनच्या मागे कॅमेऱ्याभोवती हेच नाव बारीक अक्षरात कोरलेलं असायचं. घरात कुठल्या डब्यात जुना फोन असेल तर काढून बघा.

टेसार १९०२ ची. पाउल रुडॉल्फ नावाच्या माणसानं ती आखली. आत फक्त चार काचा, त्यातल्या मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या. एवढ्याशा काचांत एवढं नीट चित्र तोवर कोणी काढून दाखवलं नव्हतं. झाइस आपल्या जाहिरातीत तिला गरुडाचा डोळा म्हणायची. काचा कमी म्हणून लेन्स लहान, हलकी आणि त्या मानानं स्वस्त. आजच्या बऱ्याच चपट्या लेन्स याच घराण्यातल्या, किंवा निदान या घराण्याचं ऐकून वाढलेल्या.

तिचा स्वभाव कसा? अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं, म्हणजे एफ/३.५ च्या आसपास, की मधलं चित्र खणखणीत येतं आणि कोपरे मऊ पडतात. दोन-तीन पायऱ्या बंद केलं की कोपरेही सुधारतात. पण त्यासाठी उजेड लागतो. दुसरी गोष्ट महत्त्वाची. काचेवर आज जो निळसर-जांभळा लेप दिसतो, तो युद्धाआधीच्या या लेन्सवर नसे. समोरून उजेड आला की काही किरण काचांच्या आतच इकडून तिकडे आपटायचे आणि सगळ्या चित्रावर एक पातळ धुकं चढायचं. तक्त्यात हा दोष. पण त्या धुक्यानं सावलीतलं ठार काळं थोडं उघडतं आणि अंधारातही काहीतरी दिसत राहतं.

आता हे सेवाग्रामात नेऊन बघा. मातीच्या कुट्या, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन, खिडक्या लहान. बाहेर आपलं विदर्भातलं ऊन, ज्याला सांगायची गरज नाही. आत एकदम अंधार. आणि त्या अंधारात शुभ्र खादी नेसलेला सावळा माणूस जमिनीवर बसून लिहितोय. एका चौकटीत इतका पांढरा आणि इतका काळा रंग एकत्र पकडणं आजच्या सेन्सरलाही जड जातं. कनूजवळ होती तेव्हाची संथ फिल्म, आजच्या आयएसओच्या भाषेत शंभर किंवा त्याहूनही कमी. हिशेब सोपा आहे. कुटीच्या आत लेन्स पूर्ण उघडली तरी शटरला सेकंदाचा दहावा, पंधरावा भाग द्यावा लागणार. तेवढ्यात बापूंचा हात हलला की हात पुसट. मान वळली की चेहरा गेला.

फ्लॅश असता तर हे सगळं सुटलं असतं. तेव्हाचा फ्लॅश म्हणजे काचेचा बल्ब, एकदा पेटला की संपला. भप्पकन उजेड आणि खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष फोटोवाल्याकडे. अट नसती तर कनूनं तेच केलं असतं का? बहुधा. बाकीचे करतच होते.

पण अट होती. म्हणून त्याच्या फोटोंत जे दिसतं ते उरलेल्या मार्गांनी आलंय. तो दाराशी, खिडकीशी, ओसरीवर उजेड शोधतो. माणूस थांबण्याची वाट बघतो, कारण बोलणाऱ्या माणसाचाही मधेच एक क्षण असा येतो की तो स्थिर होतो. कॅमेरा छातीशी टेकवलेला, गळ्यातला पट्टा ताणलेला, श्वास रोखलेला. या कॅमेऱ्यात आरसा वर उसळत नाही. शटर पाकळ्यांचं, त्याचा आवाज चिमटी वाजवल्याएवढा. प्रार्थनेतही कोणी वळून बघणार नाही असा.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. डोळ्याला कॅमेरा लावणारा माणूस समोरच्यावर रोखलेला असतो. पोटाशी कॅमेरा धरणारा मान खाली घालून उभा असतो, आणि लांबून बघणाऱ्याला तो नमस्कारच करतोय असं वाटेल. चित्रही खालच्या उंचीवरून येतं. बापू जमिनीवर बसायचे, आणि कनू गुडघ्यावर बसला की लेन्स थेट त्यांच्या छातीच्या पातळीवर. म्हणून या फोटोंत गांधीजींकडे वरून बघितल्यासारखं क्वचितच वाटतं. आपणही त्यांच्यासमोर चटईवर बसलोय असं वाटतं. हे श्रेय लेन्सचं, कॅमेऱ्याच्या घडणीचं की कनूच्या वागण्याचं, ते वेगळं काढता येत नाही, आणि मला तेच आवडतं.

फोटो कोणते? बापू १९३८ मध्ये सेवाग्रामच्या कचेरीत टेलिफोन कानाला लावून बसलेत, तो. त्याच वर्षी सरहद्द प्रांतात खान अब्दुल गफार खानांबरोबर. १९४० च्या फेब्रुवारीत शांतिनिकेतनात रवींद्रनाथांसोबत. मुंबईत बिर्ला हाउसमध्ये वजनकाट्यावर उभे. १९४५-४६ च्या प्रवासात रेल्वेच्या खिडकीतून हात बाहेर काढून हरिजन फंडासाठी पैसे मागतायत, तो तर आजच्या कुठल्याही बातमीच्या फोटोला मागे टाकेल. एक हात, आणि समोर खालून वर आलेले कितीतरी हात.

माझ्या मते सगळ्यात मोठे दोन सेवाग्रामचेच आहेत. दोन्ही १९४० चे, दोन्ही कुष्ठरोगाशी जोडलेले. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. कुष्ठरोग झाल्यावर लोकांनी दूर केलेले. ते आश्रमात आले आणि बापूंनी त्यांना जागा दिली, एवढंच नाही तर स्वतःच्या हातानं मालीश करू लागले. त्या काळात कुष्ठरोग्याला शिवणं म्हणजे काय होतं, हे दत्तपूर आणि आनंदवन जवळ असलेल्या आपल्या भागाला समजावून सांगावं लागत नाही. कनूचा तो फोटो बघा. कुठलंही नाटक नाही. बापू वाकलेत, हात कामात आहेत, शास्त्रीबुवा बसलेत. तिथे फ्लॅश पेटला असता तर ती सेवा राहिली नसती, कार्यक्रम झाला असता. रोग्याचं अंगही त्या क्रूर उजेडात उघडं पडलं असतं. मऊ उजेडानं आणि मऊ लेन्सनं त्यांची लाज राखली.

दुसऱ्या फोटोत बापू सूक्ष्मदर्शकावर वाकून कुष्ठरोगाचे जंतू बघतायत. लेन्समधून बघणारा माणूस, लेन्समधून बघितलेला.

खर्चाची अट कनूनं कशी पाळली? फोटो विकून. अमृत बझार पत्रिकेसारखी वर्तमानपत्रं त्याच्याकडून चित्रं घेऊ लागली आणि रोलचे पैसे त्यातून सुटू लागले. बारा फोटोंचा रोल, प्रत्येक फोटोमागे पदरचा पैसा. आपण एका वाढदिवसाला तीनशे क्लिक मारतो, त्यापुढे हा हिशेब जरा ठेवून बघावा.

आणि मग १९४४.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बापू आणि कस्तुरबा कैदेत होते. आदल्या वर्षी फेब्रुवारीत बापूंनी तिथे एकवीस दिवसांचा उपास केला, तेव्हा आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला होता. ही जागा म्हणूनच यवतमाळकरांना परकी नाही. उपासातून बापू वाचले. पुढच्या वर्षी बा खालावल्या. त्यांच्या शुश्रूषेसाठी कनूला आत राहू देण्यात आलं. तो त्यांची सेवा करायचा, भजनं म्हणायचा. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीची संध्याकाळ. बा बापूंच्या मांडीवर होत्या, शेवट जवळ आला होता. कनूला तो क्षण टिपायचा होता. बापूंनी नको म्हटलं.

विचार करा. सहा वर्षं हा मुलगा याच माणसाच्या मागे सावलीसारखा. कॅमेरा हाताशी. समोर असं दृश्य की जे एकदाच घडणार. आजच्या घडीला कितीजण थांबले असते? कनू थांबला. तो फोटो जगात नाही. नंतर बांच्या पार्थिवाजवळ बसलेल्या बापूंचा त्यानं फोटो घेतला, तो आहे. त्यातले गांधीजी भिंतीशी अंग चोरून बसलेले एक म्हातारे गृहस्थ वाटतात, इतके एकटे. न काढलेल्या फोटोबद्दल कनूच्या मनात हळहळ राहिली असेल, राहावीच. पण काढलेल्या फोटोत जो विश्वास दिसतो, तो न काढलेल्या फोटोनं कमावलेला आहे, असं मला वाटतं.

त्याच वर्षी त्याचं आभा चॅटर्जीशी लग्न झालं. बंगालची ही मुलगी लहानपणीच आश्रमात आलेली. बापूंच्या दोन्ही बाजूंना दोन मुली असतात ना, त्यातली एक आभा आणि दुसरी मनू.

आता तुलनेसाठी दोन पाहुणे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या लाइफ मासिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींना भेटायला आली. चरख्याचा फोटो हवा असेल तर आधी चरखा शिका, असं तिला सांगण्यात आलं. ती शिकली. आत अंधार होता, तिला तीन फ्लॅश बल्बांची परवानगी मिळाली. दोन वाया गेले, तिसऱ्यानं साथ दिली. पुढे मोठा काळाभोर चरखा, मागे वाचत बसलेले गांधीजी. जगात सगळ्यात जास्त छापलेल्या गांधीचित्रांपैकी ते एक. देखणं आहे, वादच नाही. पण ते रचलेलं आहे. चरखा प्रतीक म्हणून पुढे, माणूस मागे.

दुसरा आँरी कार्तिए-ब्रेसाँ. त्याच्याकडे लायका आणि पन्नास एमएमची लहानशी लेन्स. फ्लॅशशी वैर. आयुष्यभर बहुतेक काम त्या एका मापावर केलं, कारण माणूस जितका बघतो साधारण तितकंच ती बघते. ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्रीचे, अंत्ययात्रेचे त्याचे फोटो सगळ्या जगानं पाहिले. लहान लेन्सची ताकद त्यानं जगाला दाखवली असं म्हणतात, आणि ते बरोबर आहे. फक्त आमच्या शेजारच्या गावात एक जण दहा वर्षं आधीपासून तेच करत होता, एवढं त्यात जोडायचं.

मापाचंच बोलायचं तर रोलायफ्लेक्सची लेन्स ७५ एमएमची, पण फिल्म मोठी, सहा बाय सहा सेंटीमीटरची. आजच्या फुल फ्रेममध्ये ती चाळीस-बेचाळीस एमएमच्या आसपास बसते. म्हणजे आजच्या ४० एमएम पॅनकेकला जेवढं दिसतं, जवळपास तेवढंच कनूला दिसत होतं. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर सत्तावीस-अठ्ठावीसची लेन्स घ्या, हिशेब तोच. पार्श्वभूमी थोडी विरघळते, पण पूर्ण गायब होत नाही. मागे कोण बसलंय, भिंतीला काय टेकवलंय, दार उघडं आहे की बंद, हे कळत राहतं. ८५ एमएम १.८ नं काढलेला चेहरा सुंदर येतो, पण तो माणूस कुठे होता ते हरवतं. झूमनं वीस फुटांवरून काढलेल्या फोटोत चेहरा जवळचा आणि फोटोग्राफर लांबचा असतो, आणि ते अंतर फोटोत कुठेतरी जाणवतंच. चाळिशीच्या लेन्सला चेहरा हवा असेल तर चार फुटांवर जावं लागतं. चार फुटांवर तुम्हाला कोण येऊ देईल, हा प्रश्न दुकानात सुटत नाही.

३० जानेवारीला कनू कुठे होता? दिल्लीत नव्हता. नौखालीत होता, आजच्या बांगलादेशात. १९४६ च्या दंगलीनंतर बापू तिथे गावोगाव पायी फिरले आणि आपल्या माणसांना एकेका गावात ठेवून आले. कनू तिथेच काम करत राहिला. दहा वर्षं ज्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती त्यानं टिपली, त्याच्या शेवटच्या दिवशी तो शेकडो मैल लांब होता. आभा मात्र बापूंच्या अगदी शेजारी होती. गोळ्या लागायच्या काही क्षण आधीपर्यंत त्यांचे हात तिच्या आणि मनूच्या खांद्यावर होते.

पुढचं आयुष्य झटकन सांगता येतं, आणि तेच जरा बोचतं. कनूभाई आणि आभाबेन सौराष्ट्रात गेले, राजकोटजवळ कस्तुरबांच्या नावानं चालणाऱ्या संस्थेत, खेड्यातल्या लोकांमध्ये काम करत राहिले. फोटोग्राफर म्हणून त्यांनी दुकान थाटलं नाही. त्यांचे फोटो पुस्तकांत, कॅलेंडरांवर, सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर लागले. खाली नाव बहुतेक वेळा नाहीच. फेब्रुवारी १९८६ मध्ये कनूभाई गेले. आभाबेन १९९५ मध्ये. पीटर रूहे नावाच्या जर्मन गृहस्थांनी हे फोटो जमवून, जपून जगापुढे आणायचं काम केलं, आणि २०१५ मध्ये दिल्लीच्या नजर फाउंडेशननं कनूज गांधी हे पुस्तक काढलं. फोटो काढायला सुरुवात केल्यापासून सत्त्याहत्तर वर्षांनी!

त्या पुस्तकातले काही फोटो हललेले आहेत, काही धूसर, काहींवर ओरखडे. आजच्या कुठल्याही कॅमेरा क्लबात ते पहिल्या फेरीत बाद होतील. तरी ते बाजूला ठेवून एखादं लख्ख, घासूनपुसून काढलेलं गांधीचित्र बघा आणि मग परत याकडे या. पहिल्यात महात्मा दिसतो. यात एक माणूस दिसतो, ज्याला उकडतंय, ज्याला उशीर होतोय, ज्याला हसू आवरत नाहीये.

लेन्स घ्यायचीच असेल तर एक करता येईल. चपटी लेन्स भाड्यानं किंवा मित्राकडून दोन दिवस घ्या आणि सेवाग्रामला जा. बापूकुटी आजही तशीच जपलेली आहे, तो टेलिफोनही ठेवलेला आहे. आत फोटो काढायचे असतील तर तिथल्या मंडळींना आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवा. हो म्हणाले तर फ्लॅश बंद, आयएसओ शंभरवर, एफ/३.५, गुडघ्यावर बसा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दारातून जो उजेड जमिनीवर येतो, त्यात शटर किती मिळतं ते बघा. माझा अंदाज पंधराव्या भागाच्या खालीच राहील.